मॉरिशसचा वारा आणि आपली सुट्टी

मॉरिशसमध्ये गुलमोहर नोव्हेंबरात फुलू लागतो आणि नाताळ येईतो रस्तेच्या रस्ते लाल होतात. आपल्याकडे तो फुलतो एप्रिल-मेमध्ये. झाड एकच, मूळचे मॉरिशसच्या पश्चिमेला असलेल्या मादागास्करचे. फरक आहे तो अक्षांशाचा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, तर मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई दक्षिणेला २० अंशांवर. दोन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधातली, पण ऋतू बरोबर उलटे. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. शाळेच्या अंगणात काठी रोवून मुले तो बघतात. पोर्ट लुईत हेच दिवस येतात नोव्हेंबरच्या २०-२२ तारखांच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीच्या २०-२२ तारखांना. म्हणजे आपण कपाटातून स्वेटर काढत असतो तेव्हा तिथे सूर्य थेट डोक्यावर असतो.

सहलीची तारीख ठरवताना ही साधी गोष्ट हमखास विसरली जाते. ‘डिसेंबरात हवा छान असते’ हे आपल्या अंगवळणी पडलेले वाक्य आहे आणि ते केरळला, गोव्याला, अंदमानला लागू पडते. मॉरिशसला ते लागू पडत नाही. दुसरीकडे, सहलींच्या माहितीपत्रकांत मॉरिशसला ‘बारमाही ठिकाण’ म्हटलेले असते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. तापमान बारमाही सुखाचे आहे हे खरे. वारा, पाऊस आणि वादळे मात्र बारमाही सारखी नसतात, आणि बेटावर गेलेल्या माणसाचा दिवस चांगला जाणार की वाया जाणार हे तापमानापेक्षा या तिन्हींवर ठरते.

आधी तापमानाचे बघू, कारण ते चटकन संपते. मॉरिशसच्या हवामान खात्याच्या हिशेबाने तिथे दोनच ऋतू आहेत: नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण-दमट उन्हाळा आणि जून ते सप्टेंबर हा सौम्य, कोरडा हिवाळा. मे आणि ऑक्टोबर हे मधले सांध्याचे महिने. उन्हाळ्याचे सरासरी तापमान २४.७ अंश सेल्सिअस, हिवाळ्याचे २०.४. दोहोंत फरक सव्वाचार अंशांचा. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारचा पारा सरासरी २९ च्या थोडा वर जातो, जुलै-ऑगस्टच्या रात्री तो १६ च्या आसपास उतरतो. नागपूरच्या किंवा जळगावच्या माणसाला हे आकडे स्वप्नवत वाटतील. चारही बाजूंनी समुद्र असल्यामुळे तिथे उन्हाळा भाजत नाही आणि हिवाळा बोचत नाही. समुद्राचे पाणीही फेब्रुवारी-मार्चमध्ये २७-२८ अंश आणि ऑगस्टमध्ये २२-२३ अंश, म्हणजे वर्षभर पोहण्याजोगे. लहान मुले मात्र ऑगस्टच्या पाण्यातून अर्ध्या तासात कुडकुडत बाहेर येतात, हे आईवडिलांनी लक्षात ठेवावे.

खरी गोष्ट सुरू होते ती वाऱ्यापासून, आणि तिथे मॉरिशसचा आपल्याशी असा संबंध निघतो जो बहुतेक प्रवाशांना ठाऊकच नसतो.

मॉरिशस, रीयुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांना मिळून मास्करीन बेटे म्हणतात. त्यांच्या दक्षिणेला, साधारण ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या पट्ट्यात, हिंदी महासागरावर हवेच्या जास्त दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र असते. हवामानशास्त्रात त्याला ‘मास्करीन हाय’ म्हणतात. दक्षिण गोलार्धात हिवाळा आला, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, की हे क्षेत्र बळावते. त्यातून बाहेर पडणारी हवा आग्नेयेकडून वायव्येकडे वाहू लागते. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्यांना व्यापारी वारे म्हणून शिकलो ते हेच. मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर ते दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, एकाच दिशेने येऊन आदळत राहतात. पुढे हा प्रवाह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जातो, तिथल्या उंच पठारांच्या कडेने वळतो, विषुववृत्त ओलांडतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे झुकत अरबी समुद्रावर नैऋत्य वारा होऊन येतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगतच्या त्याच्या वेगवान झोताचे वर्णन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात केले, म्हणून त्याला फिंडलेटर झोत असेही म्हणतात. वाटेत समुद्रावरून भरपूर बाष्प उचलत तो कोकणावर येतो आणि सह्याद्रीवर पाऊस ओततो. म्हणूनच भारतातले हवामान अभ्यासक मान्सूनचा अंदाज बांधताना हजारो किलोमीटर दूरच्या या मास्करीन हायकडे डोळे लावून बसतात.

म्हणजे जुलैत रत्नागिरीत जो पाऊस कोसळतो, त्याला ढकलणाऱ्या वाऱ्याचा आरंभ मॉरिशसच्या आसपासच्या समुद्रावर झालेला असतो. आपला पावसाळा आणि त्यांचा हिवाळा ही एकाच मोठ्या अभिसरणाची दोन टोके आहेत. एवढे कळले की मॉरिशसचे निम्मे कोडे सुटते. आपल्याकडे छत्र्या उघडलेल्या असतात तेव्हा तिथे हवा कोरडी, थंड आणि वाऱ्याची असते. मास्करीन हाय ढिला पडतो, समुद्र तापतो, तेव्हा तिथे उकाडा, पाऊस आणि वादळांचे दिवस येतात.

हा वारा बेटाचे दोन भाग करतो. मॉरिशस म्हणजे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचे अवशेष. सुमारे ६५ किलोमीटर लांब, ४५ किलोमीटर रुंद, मध्ये पठार, त्याच्या कडांना डोंगरांची टोके, सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. आग्नेयेचा वारा पूर्व उतारावर चढतो, थंड होतो आणि पठारावर पाऊस टाकतो. उतरून पश्चिम किनाऱ्याला पोचेपर्यंत तो कोरडा झालेला असतो. महाबळेश्वरला भिजून वाईच्या पुढे माणकडे गेलेल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको; पर्जन्यछाया ती हीच, फक्त दिशा पालटलेली. साऱ्या बेटाची वार्षिक सरासरी सुमारे २,०१० मिलिमीटर आहे, पण पठाराच्या काही भागांत पाऊस चार हजार मिलिमीटरपर्यंत जातो आणि पश्चिम किनाऱ्यावर तो हजाराच्या आत राहतो. पठारावरचे क्युरपीप शहर आणि पश्चिमेचा फ्लिक आं फ्लाक किनारा यांत मोटारीने तासाभराचेही अंतर नाही. एकीकडे धुके आणि रिमझिम, दुसरीकडे लख्ख ऊन, असे एकाच सकाळी घडते. पश्चिमेच्या तामारां गावात पूर्वापार मिठागरे आहेत, आणि मिठागर तिथेच टिकते जिथे ऊन भरवशाचे असते. ब्वा शेरीचा चहा मात्र वरच्या ओल्या, थंड भागात पिकतो. नकाशावर मिठागर कुठे आणि चहाचा मळा कुठे एवढे पाहिले तरी मुक्काम कुठे करावा याचा अंदाज बांधता येतो.

क्युरपीप मोठे का झाले तेही सांगण्यासारखे आहे. १८६७ च्या सुमारास पोर्ट लुईत मलेरियाची भयंकर साथ आली. ज्यांना शक्य होते ती कुटुंबे किनारा सोडून थंड पठारावर राहायला गेली आणि तिथे शहरे वाढली. उष्ण कटिबंधातल्या बेटावर माणसांनी ऊन टाळून धुके निवडले, ते जीव वाचवायला. मलेरिया आता बेटावरून गेला, पण उन्हाळ्याच्या ओल्या महिन्यांत डास वाढतातच. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या या बेटांवर चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्याने डासांचे मलम सामानात आधी टाकावे.

यातून मुक्कामाचा एक सरळ नियम निघतो, आणि तो सहलीच्या कंपन्या क्वचितच आपणहून सांगतात. जून ते सप्टेंबरमध्ये जायचे असेल तर पश्चिम किंवा वायव्य किनारा धरावा: फ्लिक आं फ्लाक, त्रू ओ बिश, ग्रां बे. डोंगर मागे असल्याने वारा तिथे मवाळ होतो. त्याच दिवसांत पूर्वेच्या बेल मारला उतरलात तर वाळू अंगावर येते, छत्र्या उलटतात आणि लगूनचे पाणी दिवसभर खळबळत राहते. भारतीय पर्यटकांच्या यादीत ठरलेले इल ओ सेर्फ हे छोटे बेटही पूर्वेलाच आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथली बोट शक्यतो सकाळी लवकर घ्यावी. डिसेंबर ते मार्चमध्ये नेमके उलट करावे. पश्चिम किनारा दुपारी उबून निघतो, तेव्हा पूर्वेची झुळूक हवीहवीशी वाटते. एकाच हॉटेलची एकच खोली जुलैत आणि जानेवारीत दोन वेगळे अनुभव देते. शिवाय तिथे हिवाळ्यात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. घरी दक्षिणेचे ऊन गृहीत धरण्याची आपली सवय तिथे उपयोगाची नाही.

पावसाबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. मुंबईत वर्षाला मॉरिशसपेक्षा थोडा जास्तच पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. मॉरिशसला असा कडकडीत पावसाळा नाही. वर्षाच्या पावसातला दोन तृतीयांश, सुमारे १,३४४ मिलिमीटर, उन्हाळ्यात पडतो आणि उरलेला ६६६ मिलिमीटर बाकीच्या महिन्यांत विखुरतो. फेब्रुवारी आणि मार्च सर्वांत ओले, ऑक्टोबर सर्वांत कोरडा. मोबाइलवर हवामान पाहाल तर कुठल्याही महिन्यात रोज ढग-पावसाचे चित्र दिसेल, आणि अनेक जण ते पाहून सहल रद्द करायला निघतात. ते चित्र बहुधा पठारावरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या सरीचे असते. सर येते, जाते आणि किनाऱ्यावर ऊन चालूच राहते. त्याला भिऊ नये. ज्याचा विचार गांभीर्याने करायला हवा ते आहे चक्रीवादळ.

चक्रीवादळाला दोन गोष्टी लागतात: समुद्राचे पाणी २६-२७ अंशांच्या वर तापलेले असणे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे हवेला मिळणारी वळणाची प्रेरणा. दुसरी गोष्ट विषुववृत्ताजवळ जवळपास शून्य असते, म्हणून सिंगापूर किंवा मालदीवचा दक्षिण भाग चक्रीवादळांपासून बहुतांशी सुटतो. मॉरिशस २० अंशांवर आहे, दोन्ही गोष्टी तिथे जमून येतात. मोसम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत मानला जातो आणि जोर असतो जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्या बंगालच्या उपसागरातली वादळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तिथली घड्याळाच्या दिशेने.

इतिहासात या महिन्यांनी मोठमोठ्या माणसांना गाठले आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा पूर्वेकडचा पहिला गव्हर्नर जनरल पीटर बोथ कारकीर्द संपवून मायदेशी निघाला होता. मार्च १६१५ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ वादळात त्याचे जहाज फुटले आणि तो बुडाला. पोर्ट लुईच्या मागे डोक्यावर धोंडा ठेवल्यासारखे दिसणारे जे शिखर आहे, ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. पुढे इंग्रजांच्या काळात चार्ल्स मेल्ड्रम या शिक्षकाने जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वादळांचा अभ्यास सुरू केला. १८५१ मध्ये मॉरिशसची हवामान संस्था उभी राहिली ती त्याच्या पुढाकाराने, आणि नंतर पाम्पलमूसला वेधशाळाही झाली. बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाला वारा कुठून होता, दाब किती होता हे विचारत विचारत त्याने हिंदी महासागरातल्या वादळांचा नकाशा रेखला. मला हे काम फार मोलाचे वाटते. आज आपण मोबाइलवर वादळाचा मार्ग पाहतो, त्यामागे अशा चिकाटीच्या नोंदी आहेत.

आधुनिक काळातली सर्वांत मोठी आठवण १९६० ची आहे. जानेवारीत अलिक्स हे वादळ आले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल. कॅरोलच्या झोताचा वेग ताशी २५६ किलोमीटर नोंदला गेला. लाकडी, पत्र्याची, गवताने शाकारलेली हजारो घरे गेली. त्यानंतर सरकारने काँक्रीटच्या घरांच्या वसाहती बांधल्या आणि लोकांनीही काँक्रीटचीच घरे उभारली. बेटावर सपाट छपरांची, दणकट, फारशी देखणी नसलेली जी घरे सगळीकडे दिसतात ती त्या वर्षाने घडवली आहेत. १९७५ च्या फेब्रुवारीत झेर्वेझ आले तेव्हा वाऱ्याचा झोत ताशी २८० किलोमीटरवर गेला. अलीकडचे उदाहरण जानेवारी २०२४ मधल्या बेलालचे. त्याच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर काही तासांत पूर आला आणि मोटारी वाहून गेल्या. त्याआधी ३० मार्च २०१३ रोजी वादळ नसतानाही अचानक कोसळलेल्या पावसाने त्याच शहरात ११ जणांचा जीव घेतला होता.

तरीही उन्हाळ्यात मॉरिशसला जाऊच नये असे मी म्हणणार नाही. दर मोसमात आसपासच्या समुद्रात अनेक वादळे तयार होतात, पण बेटावर थेट येणारे वादळ दरवर्षी येत नाही. आले तरी इशाऱ्याची व्यवस्था चोख आहे. इशाऱ्यांना क्रमांक असतात, आणि ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याची शक्यता जशी जवळ येते तसा क्रमांक चढतो. क्रमांक वाढला की शाळा बंद, मग कचेऱ्या, मग रस्त्यावर कोणी नाही. विमानतळही बंद होतो. मुद्दा जिवाच्या धोक्यापेक्षा सुट्टीच्या हिशेबाचा आहे. सहा रात्रींच्या सहलीतले दोन दिवस खिडक्या लावून बसण्यात आणि परतीचे विमान दोन दिवस लांबण्यात गेले तर उरते काय? नोकरदार माणसाने, लहान मुले आणि म्हातारे आईवडील बरोबर असतील तर विशेषतः, जानेवारी ते मार्च टाळावा. जायचेच असेल तर प्रवासविमा घेऊन आणि परतीनंतर एक-दोन दिवस रजा शिल्लक ठेवून जावे. स्थानिक माणूस या पावसाकडे वेगळ्या नजरेने बघतो हेही ध्यानात असू द्या. मार ओ वाकोआसारखे जलाशय याच महिन्यांत भरतात. दुरून जाणारी वादळे पाऊस देऊन गेली नाहीत तर तिथे पाणीकपात होते.

आता आपल्या सुट्ट्यांकडे येऊ. महाराष्ट्रातल्या कुटुंबाला सलग सात-आठ दिवस मिळतात ते दोनदा: उन्हाळी सुट्टीत आणि दिवाळीत. तिसरी खिडकी नाताळची, ती हल्ली वाढली आहे. यातली नाताळची मला सर्वांत वाईट वाटते. युरोपातून, विशेषतः फ्रान्समधून, थंडीला कंटाळलेले लोक त्याच आठवड्यात येतात. डिसेंबरच्या २० तारखेनंतर नववर्षापर्यंत हॉटेलांचे दर वर्षातले सर्वांत चढे असतात, काही ठिकाणी ३१ डिसेंबरच्या जेवणाचे पैसेही सक्तीने लागतात. हवा दमट, ऊन डोक्यावर, किनारे भरलेले. जमेच्या बाजूला तीन गोष्टी: फुललेला गुलमोहर, लिची आणि आंबे. लिचीचा मोसम नोव्हेंबर-डिसेंबरचा, आणि रस्त्याकडेला तिचे लालभडक घोस टांगलेले दिसतात. आंबाही तिथे याच दिवसांतला, म्हणजे आपल्या हापूसची वाट पाहणे सुरू व्हायच्याही आधीचा.

मे महिना मात्र आपल्यासाठी जणू राखून ठेवलेला आहे. वादळांचा जोर ओसरलेला, पाऊस कमी झालेला, समुद्र अजून उबदार आणि हिवाळी वारा पुरता सुटायचा असतो. युरोपातल्या शाळा चालू असतात, त्यामुळे गर्दी आणि दर दोन्ही आटोक्यात असतात. अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या घरात असताना तिथे दुपारी २६-२७ अंश असतात. या दिवसांत ऊस पुरता वाढलेला असतो आणि मेच्या अखेरीपासून त्याचे रुपेरी तुरे दिसू लागतात. उसामुळे रस्त्यावरून डोंगर दिसत नाहीत, ही एक अडचण. आपल्याकडे साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते. तिथे तोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते आणि जसजशी शेते मोकळी होतात तसतसा देखावा उघडत जातो. जंगलातली वाट चालायची आवड असेल तर मेमध्ये ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत जावे. लाल रंगाचे छोटे चिनी पेरू तिथे पिकलेले असतात आणि स्थानिक कुटुंबे पिशव्या घेऊन ते तोडायला आलेली दिसतात. हे झाड बाहेरून आलेले, मूळच्या जंगलाला गिळणारे आहे, त्यामुळे त्याची फळे खाल्ल्याने कुणाचे नुकसान नाही.

दिवाळीच्या सुट्टीचे गणितही असेच जुळते. ऑक्टोबर हा वर्षातला सर्वांत कोरडा महिना. वारा मंदावत जातो, पाणी पुन्हा तापू लागते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वादळाची चिंता नगण्य असते. दिवस मोठे होत जातात, हाही फायदा थोडाथोडका नाही. जूनमध्ये तिथे दिवस अकरा तासांचा असतो आणि सूर्य पावणेसहालाच मावळतो, त्यामुळे नैऋत्येच्या शामारेलसारख्या ठिकाणाहून परतताना अंधार होतो. नोव्हेंबरात संध्याकाळ साडेसहापर्यंत ताणते. आणि दिवाळी ही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे. खेड्याखेड्यांत पणत्या लागतात, शेजारपाजारी फराळ वाटला जातो, आणि घर सोडून दिवाळीत बाहेर कसे जायचे या आपल्या मनातल्या अडचणीला तिथे बरेच उत्तर मिळते.

समुद्रात काय करायचे यावरही महिना बदलतो. पतंगाच्या साहाय्याने लाटांवर घसरण्याचा खेळ, काइटसर्फिंग, खेळणारे लोक जून ते सप्टेंबरमध्ये नैऋत्य टोकाच्या ल मॉर्नला मुद्दाम येतात. त्यांना तोच वारा हवा असतो जो इतरांना नको असतो. हंपबॅक देवमासे दक्षिणेच्या थंड समुद्रातून साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये पिल्ले घालायला या पाण्यात येतात आणि पश्चिम किनाऱ्यावरून बोटीने दिसतात. बोटवाला त्यांच्या फार जवळ नेत असेल तर त्याला थांबवा. पिलू बरोबर असलेल्या मादीचा पाठलाग करणे क्रूरपणा आहे. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री ग्री इथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि मोकळ्या समुद्राच्या लाटा थेट कड्यावर आपटतात. हिवाळ्यात हे दृश्य विलक्षण असते, पण तिथे कोणत्याही महिन्यात पाण्यात उतरू नये.

राहिला गणेशोत्सव. १८३४ पासून ऊसमळ्यांवर कामासाठी जे हजारो भारतीय मजूर या बेटावर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. ते जिथे उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्यांच्या वंशजांच्या घरात आज क्रिओल बोलली जाते, तरी शाळांत मराठी शिकवली जाते, कोकणातल्या जाखडीचे तिथले रूप ‘झाकरी’ अजून नाचले जाते आणि गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सुट्टी असते. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात कोकणात गणपती येतात ते चिखल तुडवत, सरी झेलत. तिथे त्याच दिवशी हवा कोरडी, गार आणि आकाश निळे असते. एका रात्रीत हवामान इतके पालटलेले आणि आरती मात्र ओळखीची, हा अनुभव दुसऱ्या कुठल्या बेटावर मिळणार नाही. पोहणे हा ज्यांचा मुख्य हेतू नाही त्यांनी, विशेषतः ज्येष्ठ मंडळींनी, हे दिवस निवडावेत. पठारावर संध्याकाळी शाल लागते. फेब्रुवारी-मार्चमधली महाशिवरात्र, जेव्हा लाखो लोक पायी ग्रां बासँच्या गंगा तलावाकडे निघतात, तीही पाहण्यासारखी आहे, पण ती ऐन पावसाच्या दिवसांत येते; तयारी त्या हिशेबाने करावी.

तेव्हा माझे मत सरळ आहे. मुलांना घेऊन, समुद्रासाठी, पहिल्यांदाच जात असाल तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तर मेचे शेवटचे तीन आठवडे. मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. दिवाळीचे तिकीट जून-जुलैतच काढून ठेवा, आणि हॉटेल ठरवताना चित्रांच्या आधी ते बेटाच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारा.